छपाईचा आकडा जाहीर करा!

हॉकी-कार्डांच्या भावी कारखानदारास व समस्त संग्राहकांस जाहीर निवेदन

संग्राहक बंधुभगिनींनो,

कॅनडात बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंची कार्डे जमविण्याचा छंद 1910-11 च्या हंगामात सिगारेटच्या पाकिटांतून निघणाऱ्या चित्रांपासून सुरू झाला, आणि आपल्याकडे बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे ज्यांनी लहानपणी जमविली त्या ऑन्टारिओतील मराठी पालकांच्या मुलांपर्यंत तो आज येऊन पोहोचला आहे. 2022 साली फॅनॅटिक्स या अमेरिकन कंपनीने टॉप्स ही कार्डांची जुनी पेढी खरीदली आणि पुढे बेसबॉल, बास्केटबॉल व अमेरिकन फुटबॉल या तिन्ही खेळांचे मक्ते एकेक करून त्याच घराण्याच्या पदरात पडले. तेव्हापासून हॉकीचा मक्ता उद्या कोणाकडे जाईल आणि नवा कारखानदार आलाच तर त्याच्याकडून आपण कशाची अपेक्षा करावी, हा प्रश्न आपल्यातही वारंवार निघतो. कोणी अधिक चकाकी मागतो, कोणी अधिक स्वाक्षऱ्या मागतो, कोणी जुन्या नावांचे पुनरुज्जीवन मागतो. आमची मागणी एकच आहे, आणि ती या साऱ्यांच्या आधीची आहे: जे छापाल, ते किती छापले, हे जाहीर सांगा.

या मागणीचे मर्म कळण्यासाठी थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. ऑन्टारिओतील लंडन या गावच्या ओ-पी-ची कंपनीने 1979-80 च्या हंगामात 396 कार्डांचा एक संच बाजारात आणला. त्यातील अठराव्या क्रमांकाच्या कार्डावर एडमंटन ऑइलर्सचा वेन ग्रेट्झ्की हा कोवळा खेळाडू होता. निळी चौकट, कापताना खरबरीत राहिलेल्या कडा, पुष्कळदा एका बाजूस सरकलेले चित्र, आणि पाठीवर इंग्रजी व फ्रेंच अशा दोन भाषांत मजकूर: असे ते काही सेंटांच्या पाकिटात च्युइंगगमबरोबर निघणारे साधे कार्ड. त्याच कार्डाच्या, परीक्षकांनी दहापैकी दहा गुण दिलेल्या प्रतीला 2016 मध्ये 4,65,000 डॉलर, 2020 च्या डिसेंबरात 12,90,000 डॉलर आणि 2021 च्या मे महिन्यात 37,50,000 डॉलर आले. हे भाव दुर्मिळतेमुळे आले; पण ती दुर्मिळता कंपनीने घडविलेली नव्हती. पोरांनी ती कार्डे रबराने बांधून खिशात कोंबली, भिंतीवर उडवून खेळली, सायकलच्या आऱ्यांत अडकविली. मुळातच निष्काळजीपणे कापलेल्या मालातून जे थोडे या सर्व दंगामस्तीतून निर्दोष वाचले, ते काळाने दुर्मिळ केले. दुर्मिळता हा त्या व्यवहाराचा परिणाम होता. हल्लीप्रमाणे ती त्याचे भांडवल नव्हती.

पुढे 1990-91 चा हंगाम उजाडला आणि बाजाराची रीतच पालटली. ओ-पी-ची व टॉप्स या जुन्या घराण्यांच्या जोडीला अपर डेक, स्कोअर आणि प्रो सेट हे नवे कारखानदार एकाच वर्षी हॉकीत उतरले. अपर डेकने पाठीवर होलोग्राम आणि फोडल्याची खूण राहील असे पाकीट आणले. प्रो सेटने चुकांचा असा काही सुकाळ केला की दुरुस्त्यांसह तो संच पुरा करणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसले. छपाई किती चालली आहे हे मात्र कोणी कोणास सांगितले नाही, आणि भल्याभल्यांनी ती खोकी मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून माळ्यावर रचून ठेवली. परिणाम काय झाला? यारोमीर यागर हा राष्ट्रीय हॉकी लीगच्या इतिहासात 1921 गुण मिळवून ग्रेट्झ्कीच्या खालोखाल बसलेला खेळाडू. त्याचे अपर डेकमधील पदार्पणाचे कार्ड आज परीक्षण न झालेल्या स्थितीत काही डॉलरांत मिळते. खेळाडू थोर ठरला, कार्डही देखणे होते. अज्ञात राहिला तो केवळ आकडा, आणि त्या अज्ञानाची किंमत ग्राहकाने मोजली.

या धड्यानंतर कारखानदार शहाणे झाले. पण ते शहाणपण त्यांच्या स्वतःच्या सोयीचे होते. लॉकआउटमुळे 2004-05 चा संपूर्ण हंगाम रद्द झाल्यावर सिडनी क्रॉस्बी आणि अलेक्झांडर ओवेच्किन हे दोघे नवोदित खेळाडू एकाच वर्षी मैदानात आले. त्या 2005-06 च्या हंगामात अपर डेकच्या ‘द कप’ नावाच्या महागड्या मालिकेत क्रॉस्बीचे स्वाक्षरीयुक्त कार्ड अवघ्या 99 प्रतींत निघाले व प्रत्येक प्रतीवर तिचा अनुक्रमांक छापला गेला. हा व्यवहार उघड होता, आणि त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्याच वर्षी नवोदितांच्या ज्या ‘यंग गन्स’ कार्डांसाठी सामान्य ग्राहक पाकिटे फोडीत होता, त्यांवर असा आकडा नव्हता; होते ते केवळ प्रमाण, की चार पाकिटांत सरासरी एक. चारांत एक हे खरे असले, तरी पाकिटे एक लाख की एक कोटी, हे कळल्यावाचून त्या प्रमाणास काडीचाही अर्थ नाही. शिवाय आता एकाच नवोदिताची कार्डे एका हंगामात अनेक मालिकांत, निरनिराळ्या रंगांच्या कडा लावून निघतात. प्रत्येकीवर ‘99 पैकी’ असे लिहिलेले असले, तरी अशा मालिका किती, याची एकत्र बेरीज कोणी करून देत नाही. जे विधान सुटे सुटे सत्य असते आणि बेरजेत दिशाभूल करते, त्यास प्रामाणिक विधान म्हणण्याचा प्रघात कोणत्याही सभ्य बाजारात नाही.

आकड्याबाबतची हीच लपवाछपवी मालाच्या इतर अंगांतही उतरली आहे. पाकिटातून कार्ड न निघता एक कोड निघतो आणि खेळाडूची सही झाल्यावर खरे कार्ड पाठवू असे आश्वासन मिळते. ही मुदतीची हुंडीच झाली, फरक इतकाच की मुदत ग्राहकावर बंधनकारक आणि पेढीवर नाही. जाडजूड कार्डात खिडकी कापून तीत पोस्टाच्या तिकिटाएवढे कापड बसविलेले असते. समोरून पाहणाऱ्याला वाटते, हा अंतिम सामन्यातील घामाचा तुकडा. कार्ड उलटून पाठीवरचा बारीक मजकूर भिंगाखाली धरला, तर पुष्कळदा कळते की हे कापड कोणत्याही विशिष्ट सामन्याशी निगडित नाही, किंवा छायाचित्रे काढण्याच्या प्रसंगी खेळाडूने ते क्षणभर अंगावर चढवून उतरविले होते. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार कायद्याच्या चौकटीत बसत असेल. सचोटीच्या चौकटीत बसत नाही.

काहीजण म्हणतील की दोष मक्तेदारीचा आहे आणि स्पर्धा आली की सारे सुरळीत होईल. इतिहासाचा कौल तसा नाही. 2010-11 पासून 2013-14 पर्यंत इटलीच्या मोदेना शहरातील पानिनी ही कंपनी अपर डेकच्या जोडीने हॉकीत होती. 2014-15 पासून मक्ता पुन्हा एकट्या अपर डेककडे गेला. दोन घरे असताना नमुने वाढले, निवड वाढली. पण सामान्य संचाची छपाई जाहीर करण्याचा पायंडा कोणीच पाडला नाही. आणि 1990 मध्ये तर स्पर्धा भरपूर होती. बुडाला तो ग्राहकच. तेव्हा कारखानदार एक की दोन, जुना की नवा, हा प्रश्न दुय्यम आहे. हिशेब उघडा की झाकलेला, हाच मुख्य प्रश्न होय.

‘आकडा हे व्यापारी गुपित आहे’ असे उत्तर येईल, हे आम्ही जाणून आहो. त्यावर आमचे प्रत्युत्तर असे की टॉप्सने 2016 पासून ‘टॉप्स नाऊ’ या मागणीनुसार छापल्या जाणाऱ्या मालिकेत प्रत्येक कार्डाची छपाई जाहीर केली, आणि त्यामुळे त्या पेढीचे दिवाळे वाजले नाही. आणखी कोणी म्हणेल, आकडा कळला तर भाव उतरतील. उतरतील ते उतरोत. जो भाव ग्राहकाच्या अज्ञानावर उभा आहे, तो आज ना उद्या कोसळणारच, आणि कोसळताना तो कारखानदाराच्या अंगावर पडत नाही.

सबब, नव्या कारखानदाराकडून आमच्या अपेक्षा पुढीलप्रमाणे आहेत:

1. प्रत्येक संचाची छपाई संपताच त्याची एकूण मुद्रणसंख्या, सामान्य कार्डांसह, जाहीर करावी.

2. प्रत्येक नवोदित खेळाडूच्या त्या हंगामातील सर्व मालिकांतील, सर्व रंगांतील प्रतींची एकत्र बेरीज हंगामाअखेर प्रसिद्ध करावी.

3. सही हातात आल्याशिवाय सहीचे कार्ड विकू नये. विकल्यास मुदत ठरवावी, आणि ती टळल्यास ग्राहकाने मागितल्याबरोबर मूल्य परत करावे.

4. कापड कोठले, कोणत्या सामन्यातील, हे दर्शनी बाजूस ठळक लिहावे. लिहिता येत नसेल तर कापड घालू नये.

5. कार्डाच्या पाठीवर खेळाडूची हंगामवार संपूर्ण कामगिरी, इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांत, पूर्वीप्रमाणे छापावी. समोरचेच चित्र मागे लहान करून छापणे हे जागा भरण्याचे काम आहे, माहिती देण्याचे नव्हे.

या मागण्या केवळ कारखानदाराच्या दारात ठेवून भागणार नाही. हॉकीचे कार्ड काढण्यास दोन परवाने लागतात: संघांची चिन्हे व गणवेश वापरण्यासाठी राष्ट्रीय हॉकी लीगचा, आणि खेळाडूंची चित्रे वापरण्यासाठी त्यांच्या संघटनेचा. परवाना देणाऱ्याने करारात एक कलम घातले, तर कारखानदाराची इच्छा असो वा नसो, आकडा उघड होईल. म्हणून प्रत्येक संग्राहकाने या दोन्ही संस्थांस पत्र लिहावे. मिसिसॉगाच्या इंटरनॅशनल सेंटरमध्ये वसंतात व शरदात भरणाऱ्या कार्ड-प्रदर्शनात कंपनीचा माणूस भेटल्यास चकाकीची चौकशी करण्यापूर्वी त्यास छपाई विचारावी. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचे कारण नाही. दुकानदारासही हाच प्रश्न करावा, कारण त्याचे भांडवलही याच अंधारात गुंतलेले असते. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही नव्या मालाची आगाऊ नोंदणी करू नये.

पैसा आपला आहे, तेव्हा शर्तही आपलीच असली पाहिजे. जो आकडा सांगेल, त्याचा माल आपण आनंदाने घेऊ, मग तो कालचा असो वा आजचा. जो सांगणार नाही, त्याचे पाकीट कितीही चकाकले तरी दुकानाच्या फळीवरच राहू द्यावे.

आपला,
ऑन्टारिओतील एक संग्राहक