बंपरवरच्या शिट्टीला हरणं बुजत नाहीत

गाडीवाल्यांनो, बंपरवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या शिट्ट्या ऑनलाइन मिळतात. वेग वाढला की त्यांत वारा शिरतो, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि जनावरं रस्त्यातून पळतात, असं विकणारे सांगतात. औसा–तुळजापूर किंवा औसा–निलंगा रस्त्यानं रात्री-अपरात्री जाणाऱ्याला ती घ्यावीशी वाटणं साहजिक आहे. पण तिच्या भरवशावर राहू नका.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात अशा शिट्ट्या तपासल्या. आवाज निघाला 3 आणि 12 किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसालाही ऐकू येईल असाच. त्यातलाही 3 किलोहर्ट्झचा गाडीच्या घरघरीत बुडून गेला. ऑस्ट्रेलियात कांगारूंसाठी विजेवर चालणारं यंत्र तपासलं, तर कांगारूंनी त्याला दादच दिली नाही. शिवाय अतिउच्च आवाज हवेत लवकर विरतो. आणि समजा, जनावर बुजलंच, तरी ते रस्त्याबाहेरच पळेल याची हमी कोण देणार? हरभऱ्यात लावलेल्या भोंग्याला रानडुकरं कशी सरावतात, ते शेतकऱ्याला विचारा.

आता वेगाचा हिशेब बघा. ताशी 80 किलोमीटरनं जाताना जनावर दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी 33 मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 35-40 मीटर लागतात. डिपरचा उजेड सहसा इतका लांब पोचत नाही. वेग 60 वर आणला तर सगळं मिळून 45 मीटरच्या आसपास भागतं.

म्हणून दिवस मावळताना, रात्री आणि पहाटे, जिथे ऊस किंवा तूर रस्त्याला भिडलेली आहे तिथे वेग कमी करा. समोरून गाडी नसेल तर अप्पर लावा. जनावर दिपून उभं राहिलं तर डिपर करा, हॉर्न द्या, थांबा. एक हरीण गेलं की लगेच रेस करू नका. मागे कळप असतो, डुकरिणीमागे पिलं असतात. कट मारू नका, गाडी उलटते. दुचाकीवर हेल्मेट हवंच.

धडक झालीच तर माणसासाठी 112 आणि जनावरासाठी वनविभागाच्या 1926 वर फोन करा. जखमी हरणाजवळ गर्दी करू नका. मेलेलं हरीण उचलून नेणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

शिट्टीचे पैसे हेडलाइट आणि ब्रेकच्या कामाला लावा.