ग्रंथव्यवहार आणि तरवडीचा धडा

मराठी ग्रंथव्यवहाराची चर्चा बहुधा कागदाचे भाव, छपाईचा खर्च आणि ग्रंथालयीन खरेदी या मुद्द्यांभोवती फिरते. भांडवल आले की प्रकाशन वाढेल आणि प्रकाशन वाढले की वाचक निर्माण होईल, असा क्रम तीत गृहीत धरलेला असतो. अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा मुद्रणेतिहास हा क्रम तपासून पाहावयास लावतो.

१८४२ मध्ये नगरहून निघालेल्या 'ज्ञानोदया'मागे अमेरिकन मराठी मिशन उभे होते. मुकुंदराव पाटील यांच्या 'दीनमित्रा'मागे एवढी मोठी संस्था नव्हती. १९१० मध्ये सुरू झालेले हे सत्यशोधक साप्ताहिक नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदरावांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत चालले. शहराची बाजारपेठ जवळ नसताना ते टिकले. कारण ते कोणासाठी छापावयाचे, हा प्रश्न आधीच सुटलेला होता.

त्या उत्तराचा परिणाम वाङ्मयरूपावरही झाला. 'कुलकर्णी लीलामृत' हा वतनदारीवरील उपरोध मुकुंदरावांनी ओवीबद्ध पोथीच्या रूपात लिहिला. पोथी एकाने वाचावी आणि दहांनी ऐकावी, ही रीत गावाच्या अंगवळणी पडलेली होती. अक्षरओळख नसलेला श्रोताही अशा रीतीने ग्रंथाच्या कक्षेत येत होता. वाङ्मयेतिहासाने अशा कृतींना केवळ प्रचारसाहित्य मानल्यामुळे प्रकाशनाची परिस्थिती आणि वाङ्मयप्रकार यांचा हा संबंध दुर्लक्षित राहिला.

१९६७ मध्येच महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला. खेड्यापाड्यांतील ग्रंथालयांना त्याने आधार दिला, हे नाकारता येणार नाही. मात्र ग्रंथालयांची खरेदी हाच मुख्य ग्राहक ठरला की वाचकाला वगळूनही पुस्तक निघू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पुस्तकांना गुण दिल्यावर या प्रवृत्तीला नवे बळ मिळाले. लेखकाने पैसे भरावेत, आयएसबीएन क्रमांक मिळवावा, प्रती वाटाव्यात आणि विषय संपवावा, असा व्यवहार महाविद्यालयीन वर्तुळाच्या परिचयाचा आहे.

तरवडीचा प्रयोग जसाच्या तसा आज उभा करता येणार नाही. 'दीनमित्रा'ला चळवळीने तयार केलेला वाचक लाभला होता. ललित किंवा संशोधनपर ग्रंथाला तो आयता मिळत नाही. परंतु वाचक शोधण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. मराठी विभागांनी या कामी दोन गोष्टी कराव्यात: जिल्ह्याजिल्ह्यांतील छापखाने, नियतकालिके आणि वर्गणीदार यांचा इतिहास पदव्युत्तर संशोधनाचा विषय करावा, आणि पुस्तकाचे मोल ठरविताना ते कोणी वाचले, हा प्रश्न क्रमांकाच्या आधी विचारावा. हा प्रश्न अध्यापकांनीच टाळला, तर प्रकाशकांना दोष देण्याचा अधिकार त्यांना उरणार नाही.