तो दगड तिथंच थांबू द्या

‘फँड्री’चा एक्स्टेंडेड कट यायला हवा, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

२०१४ मध्ये थिएटरांत लागलेला नागराज मंजुळेंचा हा सिनेमा आमच्या नगरजवळच्या अकोळनेरात घडतो. अख्ख्या गावादेखत डुक्कर धरावं लागलेला, टिंगल सोसून पेटलेला जब्या शेवटी दगड भिरकावतो. दगड थेट आपल्या अंगावर येतो आणि सिनेमा संपतो. पुढे गावानं काय केलं? शालू काय म्हणाली? कळत नाही, म्हणूनच तो दगड आपल्याला लागतो. त्यापुढे एक शॉट जरी जोडला, तरी तो गावातल्या कुणालातरी लागेल आणि आपण सुटू.

जास्त म्हणजे चांगलं, हे अनलिमिटेड थाळीचं गणित आहे. ‘पुष्पा २’ मुळात ३ तास २० मिनिटांचा. जानेवारी २०२५ मध्ये त्यात आणखी २० मिनिटं घालून तो पुन्हा लावला. ती तिकीट दुसऱ्यांदा विकायची सोय होती.

‘शोले’चं काय, असं विचाराल. तिथं ठाकूर गब्बरला मारतो, हा मूळ शेवट १९७५ मध्ये, आणीबाणीत, सेन्सॉरनं बदलायला लावला होता. २०२५ मध्ये तो पडद्यावर परत आला, त्याचा मला आनंदच आहे. हिसकावलेलं परत मिळायलाच हवं. पण दिग्दर्शकानं स्वतः विचार करून काढलेलं पुन्हा आत कोंबायचं कशाला?

म्हणून ‘न पाहिलेले सीन’ अशी जाहिरात दिसली की तिकीट काढण्याआधी एवढंच विचारा: कात्री कुणी चालवली होती?