पाप वारशाने येत नाही

जन्माला आलेले बाळ दोषी असते का? प्रश्न विचित्र वाटेल. पण नागपूरच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यांत तो रोज उभा राहतो. सिकलसेलने कण्हणाऱ्या लेकराच्या आईला कोणीतरी ऐकवतेच, की मागच्या जन्माचे भोगतेय. जन्माआधीच्या पापाचा हिशोब फक्त ब्राह्मणी धर्मानेच मांडला असे नाही. म्हणून कॅथलिक चर्च, बहाई धर्म आणि बाबासाहेब यांची उत्तरे आम्ही इथे शेजारी ठेवत आहोत.

कॅथलिक चर्च ‘आदिपाप’ मानते. आदामाने देवाची आज्ञा मोडली आणि त्याचा डाग साऱ्या मानवजातीला लागला. संत ऑगस्टीनने (इ.स. 354–430) हा सिद्धांत पक्का केला, 1546 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात तो त्यामुळेच. सुटका स्वतःच्या पुण्याईने होत नाही, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेने होते.

टीका करताना प्रामाणिक राहिले पाहिजे. आदिपाप हे माणसाने स्वतः केलेले कृत्य नव्हे, वारशाने आलेली अवस्था आहे, असे चर्च आज स्पष्ट सांगते. जन्मांधाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणाचे?’ असे विचारले, तेव्हा येशूने त्याचेही नाही आणि आईबापांचेही नाही असे उत्तर दिल्याची कथा बायबलमध्येच आहे. शिवाय आदिपापात राजा आणि रंक सारखेच. आपल्याकडचा कर्मसिद्धांत मात्र माणसागणिक वेगळे पाप लिहितो आणि ते जातीवरून वाचतो. हा फरक मोठा आहे.

बहाई धर्म एकोणिसाव्या शतकात इराणात जन्मला. दिल्लीचे कमळ मंदिर त्यांचेच. संस्थापक बहाउल्ला यांचे पुत्र अब्दुल-बहा यांनी 1904 ते 1906 या काळात पॅलेस्टाइनमधील अक्का शहरात एका अमेरिकी शिष्येच्या प्रश्नांना उत्तरे दिली. ती 1908 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात त्यांनी आदिपापालाच हात घातला. चूक आदामाची, तर अब्राहम आणि मोझेस यांचा गुन्हा काय? बापाच्या गुन्ह्याची शिक्षा लेकराला देणे कोणत्या न्यायात बसते? आदामाची गोष्ट ते रूपक मानतात: साप म्हणजे माणसाची या जगाविषयीची आसक्ती. बहाईंकडे बाप्तिस्मा नाही, पुरोहितवर्गही नाही. कृपा मात्र आहे. देव वेळोवेळी प्रेषित पाठवतो ही त्याची कृपा, आणि माणसाने ती शिक्षणाने व आचरणाने आपलीशी करायची.

इथवर आमचे बहाईंशी जुळते. पण त्यांचा आक्षेप देवाच्या न्यायापाशी थांबतो. बाबासाहेब पुढे जातात. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी खंड 5 मध्ये आहे. तरुणांनी ते जरूर वाचावे. त्यांचा मुद्दा असा: माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले असे शिकवले, की तो पापाची क्षमा मागत बसतो. ज्या परिस्थितीने त्याला खाली ढकलले, तिच्यावर तो हल्ला करत नाही. बाबासाहेबांनी याला चुकीचे समाजशास्त्र ठरवले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्मालाही त्यांनी हीच कसोटी लावली. गरिबांच्या दुःखाच्या जबाबदारीतून राज्य आणि समाज यांना मोकळे करणे, याखेरीज त्या सिद्धांताचा उपयोग तरी काय?

आता सिकलसेलकडे या. आजार वारशाने येतो, हे खरे. पण तो वारसा जनुकाचा असतो, पापाचा नसतो. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के आणि वाहक होण्याची 50 टक्के. वाहकाला हे जनुक मलेरियापासून काहीसे संरक्षण देते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. रक्ततपासणीने ते कळते आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने अनेकांच्या वेदनांचे झटके कमी होतात.

पाप म्हटले की हात जोडले जातात. जनुक म्हटले की प्रश्न विचारता येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या आहेत का? रक्त वेळेवर मिळते का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, मग प्रमाणपत्र मिळाले का? केंद्र सरकारने 2023 मध्ये निर्मूलन मोहीम जाहीर करून 2047 चे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या वस्तीत तपासणी झाली का?

कृपेने धीर येतो, असे कोणी म्हणेल. येत असेल. दुःखात सापडलेल्या माणसाच्या श्रद्धेची थट्टा करणे हे आमचे काम नाही. पण धीर देण्यासाठी आईला आधी दोषी ठरवायची गरज काय? बुद्धाने दुःख आहे असे सांगितले आणि लगेच त्याचे कारण शोधायला लावले. करुणा म्हणजे दुसरे काय!

मित्रांनो, 14 ऑक्टोबर 1956 ला रामदासपेठेजवळच्याच दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी जन्माने चिकटवलेला डाग झुगारून दिला. तो डाग ‘मागच्या जन्माचे’ म्हणत मागच्या दाराने आपल्या घरात येत असेल, तर तिथेच अडवा. लग्न ठरवताना पत्रिका नको, दोघांची सिकलसेल तपासणी हवी. यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला प्रत्येक विहारात असे एक तपासणी शिबिर झालेच पाहिजे.

जय भीम!