मंडई बघायला जाताय? मग पिशवी घेऊन जा!

स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ द्या. मंडई ही "बघायची" जागा नाही, विकत घ्यायची जागा आहे.

मी सोलापूरचा. कामानिमित्त पुण्यात आलो की महात्मा फुले मंडईत चक्कर असतेच. मागच्या खेपेला तिथे पंधरा-वीस जणांचा ग्रुप भेटला. एकजण मनोऱ्याची माहिती सांगतोय, बाकीचे मोबाइल वर करून उभे. चाकवताच्या जुड्यांचे फोटो झाले, विकणाऱ्या मावशींचेही झाले, तेही न विचारता. वाट अडली, मागचं गिऱ्हाईक खोळंबलं. आणि एकानेही कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतली नाही! मावशी मला एवढंच म्हणाल्या, "फोटोनं भवानी होत नाय, दादा."

आता थोडा इतिहास. ही इमारत 1886 साली सुरू झाली, तेव्हाचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर लावा, अशी त्यांची भूमिका. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं. नाव दिलं ते चांगलंच झालं. पण पैसा कुणाच्या कामी येणार, हा त्यांचा प्रश्न मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो.

तोच प्रश्न आज विचारा. जुन्या मंडया "पर्यटनस्थळ" करा म्हणणारे खूप आहेत. रंगरंगोटी, लायटिंग, सेल्फी पॉइंट, एखादा कॅफे. यातलं ओट्यावर बसणाऱ्या बाईला काय मिळणार?

"अहो, पर्यटक आले की धंदा वाढतो," असं म्हणतील. कुणाचा वाढतो? बार्सिलोनाची बोकेरिया मंडई बघा. पर्यटकांची एवढी गर्दी झाली की रोजची खरेदी करणारे लोक लांब राहू लागले. ताज्या मालाच्या जागी कापलेल्या फळांचे कप आणि ज्यूसचे ग्लास आले. शेवटी 2015 मध्ये शुक्रवार-शनिवारी खरेदीच्या वेळेत 15 पेक्षा मोठ्या गटांना बंदी घालावी लागली. आपण ठेच लागायची वाट बघायची का?

जुन्या इमारती जपाव्यात, शंभर टक्के. पण मंडई दगडांमुळे जिवंत राहत नाही, रोजच्या गिऱ्हाइकामुळे राहते. घाऊक बाजार कधीच गुलटेकडीला गेला. उरलेला किरकोळ धंदाही गेला तर मनोऱ्याखाली राहणार काय? माहितीचा फलक?

म्हणून मागणी सरळ आहे. खर्च करायचाच असेल तर आधी स्वच्छतागृह, पाणी, कचरा उचलणं आणि माल उतरवायला जागा यावर करा. गाळेवाल्यांना विचारल्याशिवाय एक वीटही हलवू नका. मोठ्या गटांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत आणू नका.

आणि फिरायला येणाऱ्यांनो, या की, जरूर या! फोटो काढण्याआधी विचारा, वाट सोडून उभे राहा, दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. हॉटेलात राहता, भाजी शिजवणार कुठे? ठीक आहे, मग पेरू घ्या, काकडी घ्या, अंजिरं घ्या.

पण रिकाम्या हाताने परत जाऊ नका.