किरणोपचारातील कवच : शोध तंतुकणिकेपर्यंत

नृसिंहवाडी - कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील या दत्तक्षेत्री आलेला भाविक पेढे-बासुंदी घेतल्याविना सहसा परतत नाही. याच शिरोळ तालुक्यात कर्करुग्णांच्या वाढत्या संख्येची चर्चा मात्र अनेक वर्षे सुरू आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी मिरज, कोल्हापूर वा मुंबईत किरणोपचार घेऊन आलेल्या अनेकांची लाळ आटते. प्रसादाचा पेढाही घशाखाली उतरत नाही. निरोगी पेशींना या माऱ्यातून वाचवता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही.

अमेरिकी लष्कराने अणुयुद्धाच्या धास्तीने शोधलेल्या अ‍ॅमिफॉस्टिनला कोरड्या तोंडाच्या त्रासासाठी १९९९ मध्ये तेथे मान्यता मिळाली. परंतु मळमळ आणि घसरणारा रक्तदाब यांमुळे त्याचा वापर मर्यादितच राहिला.

आता संशोधकांचे लक्ष पेशीच्या ऊर्जाकेंद्रावर, म्हणजे तंतुकणिका अर्थात मायटोकॉन्ड्रियावर आहे. किरणांमुळे पेशीतील पाण्याचे विघटन होऊन मुक्त मूलके निर्माण होतात व डीएनए तुटतो. हानी तेथेच थांबत नाही. बिघडलेल्या तंतुकणिका नंतरही मूलके सोडत राहतात आणि अखेर पेशीच्या मृत्यूची आज्ञाही त्याच देतात. तंतुकणिकेचा अंतर्भाग ऋणभारित असल्याने धनभारित ट्रायफिनाइलफॉस्फोनियम जोडलेला रेणू तेथे शेकडो पटींनी साचतो. न्यूझीलंडचे रॉबिन स्मिथ व ब्रिटनचे मायकेल मर्फी यांचे 'मायटोक्यू' याच तत्त्वावर बेतलेले आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील 'जेपी४-०३९' हा वेगळ्या धाटणीचा रेणू किरणोत्सर्गानंतर देऊनही उंदरांचे जगण्याचे प्रमाण वाढले. अपघाताची पूर्वसूचना मिळत नसते, हे ध्यानी घेता ही बाब मोलाची आहे.

मात्र हे कवच कर्कपेशीलाही लाभले तर? अनेक कर्कपेशींच्या तंतुकणिकांचा विद्युतदाब निरोगी पेशींहून अधिक असतो. असे रेणू तेथेच अधिक शिरू शकतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नेमका याचाच लाभ घेतला. हळदीतील कर्क्युमिनला तोच धनभार जोडल्यावर ते फुप्फुसाच्या कर्कपेशींना मारक ठरल्याचे त्यांनी २०१७ मध्ये दाखवले. एकच वाहन, पण एकदा संरक्षक, एकदा संहारक. (सांगलीची हळद दुधातून घेऊन हे साधत नाही, हे जाता जाता सांगायला हवे, त्या कर्क्युमिनला ना तो भार, ना पुरेसे शोषण.)

किरणोपचारातील नित्याच्या वापरापर्यंत असा एकही तंतुकणिकालक्ष्यी रेणू अद्याप पोचलेला नाही. पार्किन्सनच्या रुग्णांवरील चाचणीत मायटोक्यूचा उपयोग दिसला नाही, असे २०१० मध्येच प्रसिद्ध झाले. तरीही परदेशात ते पूरक आहार म्हणून विकले जाते.

आपल्याकडे टाटा स्मारक केंद्र, भाभा केंद्र व बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जने मिळून 'अ‍ॅक्टोसाइट' ही गोळी आणली आहे. ओटीपोटाच्या कर्करोगावरील किरणोपचारानंतर मूत्राशयातून रक्त जाणाऱ्या रुग्णांना तिचा लाभ झाल्याचे या संस्था सांगतात. परवानगी मात्र अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे पूरक आहार म्हणून. औषधाच्या कसोटीचा टप्पा त्याहून निराळा आहे.