दादाजींचे रिव्हॉल्व्हर : चालवावे की जपावे?



जालना एमआयडीसीतील एका पोलाद-व्यावसायिक बंधूंचे पत्र आले आहे. त्यांच्या दादाजींची मोंढ्यात भुसाराची आडत होती. हंगामात रोकड घेऊन खेडोपाडी जावे लागे, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे .३२ बोअरचे कोरे रिव्हॉल्व्हर घेतले. पुढे आडत गेली, रोलिंग मिल आली, आणि गेल्या पावसाळ्यात दादाजी निवर्तले. रिव्हॉल्व्हर मूळ पेटीत तसेच आहे. त्यातून आपण एकही गोळी झाडली नाही, असे ते अखेरपर्यंत सांगत. आता घरात तीन मते आहेत. धाकटे चिरंजीव म्हणतात, रायफल क्लबच्या रेंजवर नेऊन एकदा तरी चालवून पाहू. मोठे बंधू म्हणतात, कोऱ्या शस्त्राला संग्राहक चढी किंमत देतात, त्याला हात लावू नये. दादीजी म्हणतात, आपल्याच भट्टीत टाका आणि मोकळे व्हा.

या तिन्ही मतांआधी एक प्रश्न येतो, जो पत्रात नाही : ते शस्त्र आज कोठे आहे? परवाना दादाजींच्या नावाचा होता आणि तो त्यांच्याबरोबर संपला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशा वेळी शस्त्र व काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. घरातील तिजोरी कितीही भक्कम असली तरी ती या कामी चालत नाही. वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. इतकेच नव्हे, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली की तो हयातीतच वारस सुचवू शकतो. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या नावे शस्त्र आहे, त्यांनी हे कलम आजच लक्षात घ्यावे. मृत्युपत्र करणारी आपली माणसे दुकान, मिल, दागिने सारे लिहितात. कपाटातील रिव्हॉल्व्हर मात्र हमखास विसरतात.

आता व्यापाऱ्याच्या घरचा प्रश्न आहे, म्हणून किमतीचे पाहू. वेब्लीने १९७९ साली बंदुकांचे उत्पादन थांबवले, त्यामुळे वस्तू दुर्मिळ आहे हे खरे. पाश्चात्त्य देशांत मूळ पेटी, कागद आणि न वापरलेले शस्त्र यांना संग्राहक अधिक दाम देतात, हेही खरे. पण येथे ते परवाना नसलेल्या माणसाला विकता येत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास, वारसाने आलेले धरूनही, दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. तेव्हा संग्राहकांची रांग दाराशी लागेल, असे मानू नये. आणि ‘कोरे’ हा शब्दही जरा तपासून घ्यावा. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ पासून आहे. तेथे शस्त्रात नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार भरून ते झाडून पाहतात आणि टिकले तरच त्यावर ठसा मारतात. म्हणजे दादाजींच्या हाती येण्यापूर्वीच त्यातून गोळी सुटलेली होती. कोरेपणा त्या लोखंडाचा नाही, तो दादाजींचा आहे.

मोठ्या बंधूंना शास्त्राचीही एक अडचण सांगावीशी वाटते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत हिंसादान, म्हणजे आयुधांसारखी हिंसेची साधने दुसऱ्यास देणे, हा एक आहे. श्वेतांबर परंपरेतही हा दोष मानलेला आहे. गृहस्थाला विरोधी हिंसेची, म्हणजे स्वसंरक्षणाची, सवलत आहे, आणि दादाजींनी शस्त्र घेतले ते तेवढ्यापुरतेच. नफ्यासाठी ते अनोळखी हाती देणे त्या सवलतीत बसवणे मला कठीण वाटते.

धाकट्यांचा आग्रह मी हसण्यावारी नेणार नाही. रेंजवर कागदी लक्ष्यावर नेम धरण्यात कोणाचा जीव जात नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत पिस्तुलावरच सुवर्णपदक मिळवले. पण शिकायचे तर क्लबच्या एअर पिस्तुलावर, प्रशिक्षकासमोर शिकावे. दशकानुदशके पडून राहिलेल्या शस्त्राचे वंगण घट्ट होते, स्प्रिंगांचा भरवसा नसतो, आणि जुने काडतूस कधी फुसके निघते तर कधी क्षणभर थांबून उडते. चाप दाबला, काही झाले नाही, म्हणून नळी वळवून पाहणे हाच खरा घातक क्षण. लग्नाच्या वरातीत ‘एक बार’ काढण्याची कल्पना कोणा भावाच्या डोक्यात असेल, तर २०१९ पासून अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि एकदा चक्राच्या तोंडाशी दारूचा जळका वळसा उमटला की दादाजींनी इतकी वर्षे सांभाळलेली गोष्ट एका दुपारच्या हौसेपायी संपेल.

दादीजींचे म्हणणे मला सर्वांत जवळचे वाटते, फक्त भट्टी आपली नको. परवाना अधिकाऱ्यांना न विचारता शस्त्र वितळवले तर ‘ते गेले कोठे’ याचे उत्तर मिलच्या मालकांना द्यावे लागेल, आणि ‘सळईत गेले’ हे उत्तर कोणी मानणार नाही.

तेव्हा माझे मत असे. शस्त्र व काडतुसे या आठवड्यात जमा करून पावती घ्यावी. घरात कोणाला संरक्षणाची खरी गरज नसेल तर परवाना मागूच नये. व्यवसायात चढउतार असतात, घरात तरुण मुले असतात. चालू स्थितीतील शस्त्र कपाटात असणे ही बाहेरच्या चोरापेक्षा घरच्यांनाच अधिक भीतीची गोष्ट आहे. आठवण हवीच असेल तर परवाना अधिकाऱ्यांकडे ते कायमचे निकामी करून ठेवण्याची लेखी परवानगी मागावी. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या शस्त्रास कलम ४५ मध्ये सूट आहे. मात्र ते काम मिलमधल्या फिटरकडून करून घेऊ नये. परवानगी न मिळाल्यास ते सरकारजमा होऊ द्यावे.

परवान्याची पुस्तिका परत करण्यापूर्वी तिची छायाप्रत अवश्य काढून ठेवावी. काडतुसे केव्हा व किती घेतली याची नोंद त्यात असते. जमा करताना मोजून मिळणारा आकडा तिच्याशी ताडून पाहावा.